जुन्या चोपडीतील पूर्वज

(महोत्सवाच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या समयी मागे वळून पाहावे, ही रीत जुनी आहे. ख्रिस्तमंदिर केव्हा उभे राहिले, घंटा कोणी दिली, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, हे सर्व या पुस्तकात इतरत्र येईलच. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते घरातील कागदांविषयी. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, विशेषतः खामगाव, नांदुरा, मलकापूर या बाजूस, एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेला चोपड्यांचा गठ्ठा अजूनही सापडतो. तो बहुधा राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतील, म्हणजे 1837 ते 1901 या काळातील, एखाद्या व्यापारी पूर्वजाचा असतो. नातवंडांस त्या पूर्वजाविषयी किती ठाऊक असते? एक नाव, फार तर एक धूसर तसबीर, आणि "ते फार मोठे व्यापारी होते" एवढे एक वाक्य. या वाक्याच्या पलीकडे जाता येते काय? येते, असे आमचे म्हणणे आहे. परंतु त्या वाटेवर आपण ज्यांच्या शोधास निघालो नव्हतो अशीही माणसे भेटतात. त्यांचे काय करावयाचे, हा आजच्या बोलण्यातील मुख्य प्रश्न होय.

प्रथम, हा व्यापारी येथे आला कशास, हे पाहू. खामगावची पेठ काही पुराणकालीन नव्हे. इ. स. 1820 च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी तेथे दुकाने घातली आणि तूप, कच्चे सूत व थोडासा कापूस यांचा व्यवहार सुरू केला. त्या काळी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून दूर गंगाकाठी मिर्झापुरापर्यंत जात असे. पुढे 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. 1867 साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला. 1869 साली सुएझचा कालवा खुला झाला. 1870 साली समुद्रातून घातलेल्या तारेने मुंबई विलायतेस जोडली गेली, आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा सुमारे 8 मैलांचा फाटा सुरू झाला. केवळ 8 मैलांच्या लोहमार्गासाठी साऱ्या हिंदुस्थानच्या राज्यकर्त्याने खामगावी यावे, यावरून त्या पेठेचे वजन काय होते ते ध्यानी येईल. ज्या माणसाच्या बापास विलायतचा भाव कळावयास महिना-दीड महिना लागे, त्यास तो आता तारेने कळू लागला. नशीब काढावयास निघालेली माणसे चहूकडून या पेठेत आली, त्यांत आपला हा पूर्वज एक.

अशा व्यापाऱ्याचे चरित्र कागदांवरून कसे जुळते, याचा एक खरा दाखला वऱ्हाडातच आहे. कोकणातील तारापूरचे विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी हे दोघे पारशी बंधू. वऱ्हाडचा कापूस मिर्झापुराकडे न पाठविता थेट मुंबईस नेणाऱ्या आद्य व्यापाऱ्यांत त्यांची गणना होते. निजामाच्या राज्यात त्यांच्या सावकारीचा एवढा दबदबा होता की औरंगाबादच्या टांकसाळीतील एका रुपयास पेस्तनजींच्या नावावरून 'पेस्तनशाही' म्हणत. राजा चंदुलाल यांच्या कारभारात त्यांनी दरबारास मोठमोठ्या रकमा कर्जाऊ दिल्या आणि तारण म्हणून वऱ्हाडातील मुलखाचा वसूल लावून घेतला. 1843 साली चंदुलाल कारभारातून गेले. पुढे तारणाचा मुलूखही गेला, पैसा बुडाला, दाद मागितली ती लागली नाही, आणि पेढी मोडली. आज त्यांचे चरित्र लिहावयाचे म्हटल्यास साधने कोणती? संग्राहकांच्या पेटीतील तो रुपया, सिकंदराबाद येथे 1847 साली त्यांच्या नावे झालेली अग्यारी, आणि सरकारदरबारी पडून राहिलेले बुडीत कर्जाचे कागद. यांत लक्षात घेण्याजोगे हे की, त्यांच्या वैभवापेक्षा त्यांच्या येण्याचेच कागद अधिक बोलके आहेत. व्यापाऱ्याचे आयुष्य कळते ते त्याच्याजवळ काय होते यावरून नव्हे; कोण कोणाचे देणे लागत होते, यावरून.

आता आपल्या शोधाकडे वळू. पहिली अडचण ही की, कागद एका ठिकाणी नाहीत. वऱ्हाड प्रांत स्वतःच एका कर्जापायी हस्तांतरित झालेला आहे. निजामाच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून 1853 च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. 1903 पर्यंत त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होता, पुढे तो मध्यप्रांतास जोडला गेला, 1956 साली मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. शिवाय खामगाव व जळगाव हे तालुके 1905 पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. म्हणून खामगावच्या एखाद्या घराचे 1880 सालचे नोंदलेले दस्त बुलढाण्यास शोधून न मिळाल्यास निराश होऊ नये. अकोल्यास चौकशी करावी. वरिष्ठ सरकारी पत्रव्यवहारासाठी नागपूर येथील पुराभिलेखागार आणि दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार ही दोन दारे आहेत.

दुसरी अडचण सालांची. एकाच घराच्या दप्तरात शक, संवत, फसली आणि इसवी असे चार सन एकत्र नांदतात. ढोबळ नियम असा की शकात 78 मिळवावे, संवतातून 57 वजा करावे, आणि निजामी अमलापासून वऱ्हाडात चालत आलेल्या फसलीत 590 मिळवावे. परंतु हे ढोबळच. कारण शक चैत्रात बदलतो, व्यापाऱ्याचा संवत पुष्कळदा दिवाळीस बदलतो, आणि फसली मृगाच्या सुमारास. मेयो साहेब खामगावी आले तो मार्च 1870 घ्या. त्या दिवशी शक 1791 चा फाल्गुन चालू होता, चोपडीवर संवत 1926 होता आणि वसुलाच्या कागदावर फसली 1279. साल एकाने चुकले तर बापाचा व्यवहार मुलाच्या नावावर जातो, आणि मृत माणूस हुंडी स्वीकारताना दिसू लागतो.

तिसरी अडचण लिपीची व नावांची. मराठी दप्तर मोडीत आहे, मारवाडी पेढ्यांचे त्यांच्या मुडिया अक्षरात. ते वाचणारा जाणता माणूस शोधावा. अंदाजाने वाचू नये. नावाच्या बाबतीत हे विसरू नये की पेढीचे नाव म्हणजे माणसाचे नाव नव्हे. बाप-लेकांची नावे जोडून पेढीचे नाव होते, आणि ते दोघेही गेल्यावर नातू त्याच नावाने व्यवहार चालवितो. चोपडीत एक नाव 60 वर्षे दिसले म्हणजे तो गृहस्थ शतायुषी झाला असे समजण्याचे कारण नाही.

एवढी तयारी झाली म्हणजे चोपडी उघडावी. कीर्द म्हणजे रोजची वही: कोणत्या दिवशी काय आले, काय गेले. खतावणी म्हणजे माणसागणिक खाते: कोणाकडे किती येणे, कोणाचे किती देणे. लोक खतावणी प्रथम वाचतात, कारण तीत बेरजा असतात. आमचे सांगणे असे की माणूस शोधावयाचा असेल तर कीर्द वाचावी. तीत कापसाच्या बोज्यांच्या शेजारीच घरखर्च लिहिलेला असतो. वैद्याचे औषध चार दिवस ओळीने लागले आणि पाचव्या दिवशी कापड व लाकडे खरेदी झाली, तर त्या घरात काय झाले हे कोणी सांगावयास नको. कुंभार, सोनार, वाजंत्री यांची नावे एका आठवड्यात आली म्हणजे लग्न. धर्मादायाचे खाते नियमाने चालते की भाव चढला तरच चालते, यावरून स्वभाव कळतो. हस्ताक्षर मध्येच बदलले तर मुनीम बदलला किंवा मुलगा गादीवर बसला. आणि जेथे दिवसच्या दिवस कोरे आहेत, तेथे विशेष थांबावे. व्यापारी विनाकारण कीर्द कोरी ठेवीत नसतो.

घरची घटना जगाच्या घटनेशी ताडून पाहावी, म्हणजे चोपडी बोलू लागते. अमेरिकेतील युद्ध 1865 च्या वसंतात संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि त्या वर्षीच्या 1 जुलै रोजी, वायद्यांचे हिशेब चुकते करण्याच्या दिवशी, मुंबईत पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा, ज्याच्या शब्दावर बाजार चाले, असा पुरुषही त्यात बुडाला. खामगावच्या चोपडीत त्या पावसाळ्यात मुंबईच्या हुंड्या न स्वीकारता परत आलेल्या दिसल्या, दागिने गहाण पडलेले दिसले, तर आपला पूर्वज त्या वादळात सापडला होता. दिसले नाहीत, तर तो सावध होता, किंवा अजून लहान होता. दोन्ही गोष्टी कळण्याजोग्या आहेत.

याच पेठेत परदेशी पेढ्याही उतरल्या. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील सालोमन व्होल्कार्ट व त्याचा भाऊ योहान गेओर्ग यांनी 1851 साली विंटरथूर व मुंबई अशा दोन ठिकाणी आपली पेढी स्थापिली. धाकटा भाऊ 1861 साली वारला, थोरला 1893 साली. या पेढीची कापूस खरेदीची कचेरी व गाठी दाबण्याचा कारखाना खामगावी होता. तिचा पत्रव्यवहार, हिशेब व छायाचित्रे विंटरथूर शहराच्या दप्तरखान्यात जपलेली आहेत आणि अभ्यासक त्यांवर ग्रंथ लिहितात. आता विचार करा. एकच गाठ. ती विकत घेणाऱ्याचे कागद सात समुद्रांपलीकडे पोलादी कपाटात आहेत. ती विकून देणाऱ्या अडत्याचे कागद माळ्यावर वाळवी खात आहे. आणि तो कापूस ज्याने पेरला, निंदला, ज्याच्या बायकोने व मुलींनी तो वेचला, त्याचे कागद कोठे आहेत?

बंधुजनहो, ते त्याच माळ्यावर आहेत. वेगळ्या घरी नाहीत. शेतकऱ्याने स्वतःची चोपडी ठेविली नाही, परंतु तो व्यापाऱ्याच्या चोपडीत आहे. खतावणीत त्याचे खाते आहे, आणि चोपडीच्या खाली सुतळीने बांधलेल्या जुडीत त्याचे गहाणखत आहे. त्यावर त्याचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, शेताच्या चारी बाजूंच्या सीमा, साक्षीदार, आणि शेवटी नांगराची निशाणी किंवा अंगठा. पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत त्यांच्या पणजोबाने या पृथ्वीवर स्वतःच्या हाताने उमटविलेली एवढीच खूण शिल्लक असते.

म्हणून आपल्यापुढे बसलेल्या सर्वांसच हा विषय लागू आहे, केवळ व्यापारी घराण्यांस नव्हे. आपल्यात कोणाचे आजे पेढीवर कारकून असतील, कोणाचे रेल्वेत, कोणाचे प्रेसमध्ये हमाल, आणि पुष्कळांचे शेतात. आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवह्या यात फार साह्य करतात. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदीत आईबापांची नावे, गाव, धर्ममातापिता व साक्षीदार असतात. हा भाग 1887 साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताकडून 1955 साली नव्या अमरावती धर्मप्रांताकडे आला, हे जुनी नोंद शोधताना ध्यानी धरावे. ज्यांचे घराणे गोव्याकडून आले असेल त्यांस पणजीच्या पुराभिलेखागारात तेथील चर्चच्या जुन्या वह्या पाहावयास मिळतात. परंतु चर्चच्या नोंदीतील नाव आणि चोपडीतील नाव ही दोन्ही शेजारी ठेवली म्हणजेच माणूस पुरा होतो. एक सांगते तो कोणाचा होता. दुसरी सांगते तो कशाखाली दबला होता.

येथे व्यापारी पूर्वजाच्या वंशजास एक कठीण प्रसंग येतो. इंग्रजी मोजणीनंतर वऱ्हाडच्या खातेदारास आपली जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क मिळाला, आणि त्याच क्षणी जमीन हे सावकाराचे उत्तम तारण झाले. पेरणीस उचल, व्याजावर व्याज, आणि अमुक मुदतीत रक्कम न फिटल्यास हेच खत खरेदीखत समजावे, अशी अट. ज्वारीची जागा कापसाने घेतली. भाव पडला की घरात रोकड नाही आणि कणगीत दाणाही नाही. 1896–97 आणि त्याहून भयंकर 1899–1900 चे दुष्काळ वऱ्हाडावर कोसळले तेव्हा याचा परिणाम दिसला. लक्ष्मण सत्य या इतिहासकाराने 1997 साली वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा विषय हाच आहे. तेव्हा आपल्या घरच्या खतावणीत 1900 सालच्या पानावर जर एकामागून एक खाती "जमीन खरेदी, हिशेब चुकता" अशा शब्दांनी मिटलेली दिसली, तर ते पान उलटून पुढे जाण्याचा मोह होईल. तो आवरावा. "आमचे आजोबा मोठे व्यापारी होते" हे वाक्य जर खरे असेल, तर ते पान त्या वाक्याचाच भाग आहे.

याचा अर्थ पूर्वजास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असा नव्हे. तोही मुंबईच्या पेढीचे देणे लागत होता, मुंबई लिव्हरपूलचे. त्यानेही 1865 पाहिले होते. त्याच खतावणीत कदाचित एखाद्या खात्यासमोर व्याज सोडल्याची ओळही सापडेल, दुष्काळात दाणे वाटल्याचा खर्चही सापडेल. तेही तितक्याच प्रामाणिकपणे वाचावे. जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, हे त्याच्याकडूनच आपण शिकावे.

1875 साली मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांच्या घरांतील खते बाहेर काढून जाळली. ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले, आणि 1879 साली सरकारास पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. तो कागद त्या शेतकऱ्यांस फास वाटला, आणि तो होताही. आज सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्या कागदावर कोणाची वसुली होत नाही. फास सुटला, उरले ते केवळ नाव. आज तो कागद जाळला तर सावकाराचे काही जात नाही, शेतकऱ्याच्या पणजोबाची खूण मात्र जाते.

आपण महोत्सव साजरा करीत आहोत. या शब्दाचे मूळ जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या 25 व्या अध्यायात आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. पन्नासाव्या वर्षी, अडचणीपायी हातची गेलेली जमीन मूळ घराण्यास परत मिळावी, असा तो नियम. आज जमीन परत देणे आपल्या हाती नसेल. ती कित्येक हातांतून गेली आहे, कायद्याने पक्की झाली आहे. परंतु नाव परत देणे आपल्या हाती आहे.

म्हणून आमची एवढीच विनंती. ज्यांच्या घरी अशा चोपड्या असतील त्यांनी त्या दिवाळीच्या झाडलोटीत रद्दीवाल्यास देऊ नयेत, विसर्जनही करू नये. ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून, कोरड्या जागी ठेवाव्यात. पानांची छायाचित्रे घ्यावीत. आज ते काम खिशातील फोनने होते. मोडी जाणणाऱ्याकडून प्रथम आपल्या पूर्वजाचे नाव वाचवून घ्यावे, आणि मग गावागावाने ऋणकोंच्या नावांची यादी करावी. ती यादी आपल्यापाशीच ठेवू नये. गावात त्या आडनावाचे घर असेल तर त्या घरच्या वडीलधाऱ्यास बोलवावे, पाटावर बसवावे, आणि तो अंगठा दाखवावा. संकोच दोन्ही बाजूंस होईल. तरी दाखवावा. एका घराचा पूर्वज शोधावयास आपण निघालो आणि साऱ्या पंचक्रोशीचे पूर्वज हाती लागले, असा हा शोध आहे. आणि ज्याने ती नावे एवढ्या नेटक्या अक्षरात लिहून ठेविली त्या व्यापाऱ्याचे ऋण त्याच्या वंशजांनी फेडावयाचे, तर ते याच मार्गाने फिटेल.